क्रूझ लागत नाही: एका एफजेआरच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

गाडी म्हणजे मोटरसायकल, यामाहा एफजेआर १३००, २००७ची. ओडोमीटर ५८,२१४ मैल. जागा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घराचं गॅरेज, अर्धं माझं, अर्धं वॉशिंग मशीनचं.

काम: बाहेरचा क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारं यंत्र, बसवायचा. २०१३पासूनच्या एफजेआरला तो कंपनीतूनच येतो, कारण तेव्हापासून तिचा थ्रॉटल (मूठ पिळली की इंजिनात हवा सोडणारी झडप) इलेक्ट्रॉनिक झाला. माझ्या गाडीला अजून केबल आहे.

कारण म्हणजे उजवं मनगट. पाऊण तास हायवेवर मूठ पिळून धरली की अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. एप्रिलमध्ये इर्वाईनला ताईकडे जायचं आहे. साधारण ३९० मैल, त्यातला मोठा पट्टा इंटरस्टेट ५चा. सरळसोट रस्ता, बाजूला बदामाच्या बागा, मध्येच गुरांच्या गोठ्यांचा वास, आणि मूठ तासन् तास एकाच जागी.

वर्षभर मुठीवर घर्षणाचा थ्रॉटल लॉक वापरून पाहिला. तो मूठ धरून ठेवतो, वेग नाही. चढ आला की गाडी मरते, उतार आला की उधळते, आणि आपण दर मिनिटाला तो सोडतो-लावतो. मग मूठ हातानेच का धरू नये?

किट जुन्या साठ्यातलं आहे, मूळ मोटारींसाठी केलेलं. सगळा खेळ व्हॅक्यूमचा, म्हणजे इंजिन हवा ओढतं तेव्हा तयार होणाऱ्या पोकळीचा. सर्व्हो म्हणजे थ्रॉटल ओढणारं युनिट; त्याच्या डब्यात रबरी पडदा असतो. इंजिनाचा व्हॅक्यूम पडद्याला ओढतो, पडदा केबलला आणि केबल थ्रॉटलला. आत तीन व्हॉल्व्ह: एक व्हॅक्यूम आत घेतो, दुसरा थोडी हवा सोडून ढील देतो, तिसरा ब्रेक लागताक्षणी डबा हवेला मोकळा करतो, मग थ्रॉटल स्वतःच्या स्प्रिंगने मिटतो. इलेक्ट्रॉनिक्सला कळायला हवं ते एवढंच: गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, ब्रेक दाबलाय का.

४ फेब्रुवारी, रविवार

बाहेर वादळ. दुपारी वीज गेली. कपाळावरचा टॉर्च लावून फेअरिंग, म्हणजे गाडीचं बाहेरचं आवरण, उतरवली. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे आहेत, ते कुठे ठेवायचे? इडलीपात्र घेतलं. एका ताटलीत डावी बाजू, दुसरीत उजवी, तिसरीत सीटखालचे. बायकोने टॉर्चच्या उजेडात पाहिलं आणि नवीन इडलीपात्राचा विषय तिथल्या तिथे काढला. मान्य.

पेट्रोलची टाकी उचलून टेकू दिला. थ्रॉटल बॉडीच्या चार नळ्या दिसल्या, ज्यांवर चारही थ्रॉटल एकसारखे जुळवायला गेज लावतात. व्हॅक्यूम तिथून घ्यायचा.

१० फेब्रुवारी, शनिवार

व्हॅक्यूमची टाकी केली. मोटारीत चारही सिलिंडरांचा मिळून एक मॅनिफोल्ड (हवेची सामाईक नळी) असतो, तिथे व्हॅक्यूम बऱ्यापैकी सलग मिळतो. इथे प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल, त्यामुळे एका नळीत हात घातला तर व्हॅक्यूम हिसके देत येतो: ओढ, सोड, ओढ, सोड. म्हणून दोन सिलिंडरांच्या नळ्या टी लावून जोडल्या, पुढे एकदिशा व्हॉल्व्ह, त्यापुढे साठवणीची टाकी. टाकी म्हणजे दोन इंची पीव्हीसी पाइपचा दहा इंचांचा तुकडा, दोन्हीकडे टोपण पाइपच्या सिमेंटने (पीव्हीसी चिकटवायच्या द्रावाने) चिकटवलेलं, एका टोपणाला भोक पाडून आटे कापले आणि पितळी निपल बसवलं.

ब्रेकची वायर शोधायला मागचा दिवा उघडला होता, तर हाताशी होते म्हणून ब्रेकलाईटचे दोन्ही बल्ब काढून एलईडी घातले. छान झळाळतात.

१७ फेब्रुवारी, शनिवार

वायरिंग. मेन वायर किल्लीवरच्या फ्यूजमधून. अर्थ (अर्थिंगची वायर) थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. फ्रेमवर रंग खरवडून अर्थ घेण्याचा उद्योग मी पूर्वी एकदा केला आहे, पुन्हा नाही. फेऱ्यांचा सिग्नल इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून. वेगाचा सिग्नल गाडीच्याच स्पीड सेन्सरवरून. ब्रेकच्या दोन वायरी: एक स्विचच्या अलीकडे, जिथे कायम १२ व्होल्ट असतात, दुसरी स्विचच्या पलीकडे, जी पुढे मागच्या बल्बांकडे जाते.

सर्व्होची केबल थ्रॉटलच्या चाकाला बारीक मण्यांच्या साखळीने जोडली. साखळी अशासाठी की हाताने मूठ पिळली तर ती नुसती सैल पडावी, आड येऊ नये. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून प्रत्येक जागी मूठ पिळून सोडली. टकदिशी मिटते. हे वीस वेळा केलं. साखळी कुठे अडकली तर थ्रॉटल उघडाच राहील, आणि तो प्रयोग मला करायचा नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

पहिली चाचणी, आय-८८० हायवे. ताशी ६० मैल, ऑन दाबलं, बटणांच्या पॅडवरचा दिवा लागला. सेट दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं, ५५ला, ६५ला. चौथ्या गिअरमध्ये, पाचव्यात. काही नाही. घरी येऊन चहा.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सर्व्होच्या अंगावर रबरी बूच आहे. ते काढलं की आत सात इवलेसे डिप स्विच (युनिटची मांडणी ठरवणारे) आणि एक लाल दिवा दिसतो. युनिट निदानाच्या अवस्थेत नेलं की हा दिवा एकेका वायरीची साक्ष देतो. सेट दाबलं, दिवा लागला. रिझ्यूम दाबलं, लागला. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक हाताने फिरवलं, दिवा लुकलुकला. म्हणजे पॅड ठीक, वेगाचा सिग्नल येतोय.

ब्रेक दाबला तर दिवा लागायला हवा आणि सोडला की विझायला हवा. इथे कोणी ब्रेकला हातही लावला नव्हता आणि दिवा पेटलेलाच. युनिटच्या मते मी ब्रेक दाबून बसलोय. मग ते सेट घेईलच कशाला?

सापडलं, असं वाटलं. मागच्या ब्रेकचा स्विच जास्त ताणलेला असणार. नट दोन फेरे सैल केला. फरक नाही. पुढच्या लिव्हरखालचा छोटा स्विच काढून साफ केला. फरक नाही. दोन्ही स्विचांचे कनेक्टर काढून टाकले, म्हणजे आता ब्रेक लागलाय असं म्हणायला जागाच उरली नाही. दिवा तरी पेटलेलाच.

मागचा ब्रेकलाईट मात्र बरोबर विझलेला.

२ मार्च, शनिवार

अख्खा दिवस गेला. संशय सर्व्होवर. ब्रेकची वायर युनिटपासून सोडवून मल्टिमीटर लावला. ब्रेक सोडलेला: ०.० व्होल्ट. दाबलेला: १२.४. सोडलेला: ०.०. म्हणजे वायर निर्दोष, युनिटच खराब. अर्थची वायर तरी बदलली. कनेक्टरच्या पिना ब्रशने घासल्या. डिप स्विच सगळे उलटसुलट केले, जे करायला नको होतं, कारण त्यात मूळची मांडणी गेली आणि माहितीपुस्तिका काढून पहिल्यापासून लावावी लागली.

दुसरं युनिट कुठे मिळतं का, ते पाहायला सुरुवात केली.

९ मार्च, शनिवार रात्री

बाबांचा फोन. इकडे रात्रीचे आठ, साताऱ्यात रविवार सकाळचे साडेनऊ. बाबांनी आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलंय. व्हॅक्यूमवर चालणारा क्रूझ त्यांनी पाहिलेला नाही, पण बिघाड ऐकायची त्यांची एक पद्धत आहे: मध्ये बोलायचं नाही, शेवटी दोनच प्रश्न विचारायचे.

"आधी हे सांग, ब्रेकच्या लायनीवर तू नवीन काय घातलंस?"

"काही नाही बाबा. फक्त युनिटची वायर जोडली."

"नीट आठव. तू लिहून ठेवतोस ना सगळं? मग वाच की."

वही उघडली आणि फोनवरच मोठ्याने वाचायला लागलो. १० फेब्रुवारीच्या नोंदीच्या शेवटी पोचलो आणि थांबलो.

"का रे, थांबलास का?"

"बाबा, तुम्ही झोपा आता."

"सकाळ आहे इथं."

१० मार्च, रविवार

आज इथली घड्याळं उन्हाळी वेळेसाठी एक तास पुढे गेली, त्यामुळे उशिरा उठल्याची सबब तयार होती.

युनिटला वायर जोडून, ब्रेक सोडून व्होल्ट मोजले: ७.३. ना शून्य, ना बारा. मग युनिट सोडवून, किल्ली बंद करून, मल्टिमीटर ओहमवर घेऊन त्याच वायरीपासून अर्थपर्यंत मोजलं. काटा असता तर हललाच नसता. डिजिटल आहे म्हणून नुसता ओएल दाखवतो. वायर हवेत लटकलेली.

आता एलईडी काढून जुने तारेचे बल्ब घातले, २१/५ वॅटचे. पुन्हा ओहम: ०.५. युनिट जोडून व्होल्ट: ०.०. निदानाचा दिवा विझला. ब्रेक दाबला, लागला. सोडला, विझला. हेच तर पाहिजे होतं.

काय होत होतं ते लिहून ठेवतो, कारण तीन आठवडे मी चुकीच्या जागी खणत होतो. युनिटची ही वायर नुसते १२ व्होल्ट आले का एवढंच पाहत नाही. ब्रेक सोडलेला असताना तिला अर्थ दिसावा लागतो, आणि तो तिला मिळतो बल्बच्या तारेतून. थंड तारेचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास, म्हणजे युनिटच्या दृष्टीने ती जवळजवळ सरळ अर्थची वायरच. एलईडीच्या आत मात्र डायोड आणि बाकीची इलेक्ट्रॉनिक्स. इतक्या कमी व्होल्टेजला त्यातून जेमतेम काही जातं, त्यामुळे वायर अधांतरी राहते. युनिट तिला अर्थ समजत नाही आणि ब्रेक लागलाय असं धरून चालतं.

आणि यात युनिटचं वागणं योग्य आहे. दोन्ही बल्ब उडाले, वायर तुटली, कनेक्टर निघाला, तिन्ही वेळा अर्थ जातो. तेव्हा क्रूझ लागूच नये, कारण लागला तर ब्रेकने तो सुटेल याची खात्री काय? मी मात्र २ मार्चला शून्य व्होल्ट पाहिले आणि अर्थ आहे असं समजलो. कुठेच न जोडलेल्या वायरीवरही मीटर शून्यच दाखवतो.

एलईडी ठेवून उपाय आहे: पाच पिनांचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. ब्रेकच्या वायरीने रिलेची कॉइल चालवायची. रिले सुटलेला असताना युनिटच्या वायरीला थेट अर्थ, ओढला की १२ व्होल्ट. सगळेजण हेच सांगतात आणि ते चालतंही. पण कागदावर काढून पाहिलं तर खटकलं. कॉइलची वायर तुटली तर रिले कधी ओढलाच जाणार नाही, युनिटला कायम अर्थ दिसत राहील, आणि मी ब्रेक दाबला तरी क्रूझ सोडणार नाही. जी चूक युनिट बनवणाऱ्याने मुद्दाम टाळली ती मी चार डॉलरच्या रिलेने परत आणणार. जुने बल्बच राहू देतो.

एलईडीने वाचले किती? मागचे दिवे सतत जळतात ते पाच-पाच वॅटच्या तारेवर. म्हणजे एलईडीचा स्वतःचा खर्च वजा जाता आठ-नऊ वॅट. बाबांना हा आकडा सांगितलेला नाही.

संध्याकाळी आय-६८०. ताशी ६२ मैल, सेट. मूठ हातात किंचित सरकली, आपणहून, कोणी दुसऱ्याने अलगद पकडल्यासारखी. हात सोडला नाही, पण ढिला सोडला. ब्रेकला बोट लावलं, साखळी सैल पडली. क्लच ओढून पाहिला: फेरे एकदम वर जाताच युनिटने सोडून दिलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा सोडलं.

१६ मार्च, शनिवार

क्रूझ लागतो पण गाडी झोके खाते. ६५ला सेट करावं तर ६७, मग ६३, मग ६७. एका झोक्याला पाच-सहा सेकंद. डोकं हेल्मेटात मागेपुढे होतं.

यात दोन गोष्टी आहेत. एक, साखळी फार सैल होती, चार मणी. युनिटने केबल ओढली की आधी ढील संपते, मग थ्रॉटल हलतो. तोवर युनिटने आणखी ओढलेलं असतं. तीन मणी कापले, एका मण्याएवढी ढील ठेवली. शून्य ठेवायची नाही, नाहीतर आयडल, म्हणजे मूठ सोडल्यावरचे इंजिनाचे फेरे, वाढतं. दोन, हा सर्व्हो दीड टनाची मोटार ढकलायला केलेला. तिच्यापुढे एफजेआर म्हणजे माझ्यासकट चारशे किलोच्या आत, आणि थ्रॉटल जरा हलला तरी उडी मारते. डिप स्विचने गेन, म्हणजे युनिट किती जोरात ओढतं ते, सगळ्यात खालच्या पायरीवर आणला.

आता ६५ म्हणजे ६५, एखाद मैल इकडेतिकडे.

२३ मार्च, शनिवार

सुनोल ग्रेड. आय-६८०वरचा फ्रीमाँटहून प्लेझंटनकडे जाणारा चढ. पायथ्याशी ६५ला सेट केलं. अर्ध्या चढावर वेग ६०, मग ५६, आणि साखळी हळूहळू सैल पडत गेलेली जाणवली. धक्का नाही, ब्रेकसारखं एकदम सुटणं नाही. नुसता हात गळल्यासारखा.

हे ओळखता आलं याचा आनंद झाला. चढावर थ्रॉटल उघडावा लागतो, थ्रॉटल उघडला की इंजिनात व्हॅक्यूम कमी होतो, आणि सर्व्होला नेमकी त्याच वेळी जास्त ताकद हवी असते. म्हणून तर टाकी ठेवली होती. ती साठा धरत नसणार.

घरी येऊन टाकीला हातपंप आणि गेज लावलं. पाऱ्याच्या १५ इंचांपर्यंत ओढलं. तीन मिनिटांत ९वर.

२४ मार्च, रविवार

गळती शोधायला आधी साबणाचं पाणी लावलं आणि बसलो बघत. अर्थात फुगे येणार कुठून? व्हॅक्यूमला हवा आत ओढली जाते, बाहेर येत नाही. साबणच आत गेला.

मग उलटा विचार केला. पंक्चरवाला काय करतो? ट्यूबमध्ये हवा भरतो आणि पाण्यात बुडवतो. बादली भरली, टाकीच्या निपलला सायकलचा पंप, दोनच हलके दाब. पीव्हीसीत जास्त हवा भरायची नाही. फुटलं तर तुकडे उडतात. टाकी बुडवली. टोपण कोरडं, सांधा कोरडा. पितळी निपलच्या मुळातून मात्र बारीक बुडबुड्यांची माळ, अगदी मण्यांच्या साखळीसारखी.

मी पाइपच्या जाड भागात नाही, टोपणाच्या पातळ भागात आटे कापले होते; जेमतेम दोन आटे धरत होते. निपल काढलं, सुकवलं, आणि मागच्या भारतवारीत आईने सामानात टाकलेलं एम-सील मळून मुळाशी बसवलं. ती म्हणाली होती, नळासाठी उपयोगी पडेल. नळाला नाही, पण पडलं.

रात्रभर वाळू दिलं. सोमवारी कामावर जाण्याआधी पंप: १५ इंच. दहा मिनिटांनी १४ आणि थोडं.

६ एप्रिल, शनिवार

सुनोल ग्रेड: ६५ला सेट, माथ्यावर ६३. मग तसाच पुढे आय-५८०ने अल्टामाँट पास, पवनचक्क्यांच्या रांगांमधून. आडवा वारा सपाटून होता, गाडी तिरकी चालली होती, पण वेग हलला नाही.

उतारावर ६५चे ७० झाले. हा बिघाड नाही. सर्व्हो थ्रॉटल मिटवू शकतो, ब्रेक लावू शकत नाही.

एकदा रस्त्याच्या सांध्यावर दणका बसला आणि क्रूझ सुटला. पुढच्या लिव्हरचा स्विच. २४ फेब्रुवारीला मी साफ करताना किंचित बाहेर बसवला होता. म्हणजे जो बिघाड नव्हता तो दुरुस्त करताना हा मी स्वतः घातला. स्क्रू सैल करून आत ढकलला.

१९ एप्रिल, शुक्रवार

फ्रीमाँट ते इर्वाईन. क्रूझ ट्रेसीच्या पुढे लावला, ७०ला. पेट्रोलला दोनदा थांबलो. ट्रक ओव्हरटेक करताना हाताने मूठ पिळायची, पुढे गेलं की सोडायची, गाडी आपली ७०वर येऊन थांबते. केटलमन सिटीला उतरून उजवा हात उघडला-मिटला. मुंग्या नाहीत. डावा मात्र अवघडलाय, ज्याने काहीच केलं नव्हतं.

ग्रेपव्हाइनच्या चढावर मी क्रूझ आधीच बंद केला. सहा टक्क्यांच्या आसपासचा लांब चढ, रेंगाळणारे ट्रक, लेन बदलणारे लोक; तिथे हात स्वतःचाच बरा.

ताईकडे पोचल्यावर बाबांना फोटो पाठवला, पॅडचा दिवा लागलेला. त्यांचं उत्तर: "ब्रेकलाईट लागतोय ना?"

बाकी कामं: पॅडवरचा हिरवा दिवा रात्री डोळ्यांत येतो, त्यावर काळी टेप. टूलकिटमध्ये २१/५चे दोन जादा बल्ब. इडलीपात्र.